राखीव ओळ

लोकांना काय हवंय, हे मला लोक सोडून बाकी सगळ्यांनी सांगून झालंय. वाहिनीवाल्यांनी सांगितलं, जाहिरातवाल्यांनी सांगितलं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात अडवून सांगितलं. एका वर्षी साडी नेसलेले पुरुष हवे होते, पुढच्या वर्षी ते अजिबात नको होते. मग गावाकडचं हवं होतं. मग सासू-सून नको, पण सासू-सून असल्यासारखं काहीतरी हवं, असं एकाने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मी मान डोलावते आणि घरी येऊन मला सुचेल ते लिहिते. 'चहाटळ' या कार्यक्रमाची स्किटं मी इतकी वर्षं लिहितेय, की आता कोणी खरोखरचा विनोद सांगितला तर मी हसत नाही, 'हं, बरा आहे' म्हणते. हलवायाला जिलबी गोड लागत नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

मी संज्योत धुरी. नावाने मला कोणी ओळखत नाही आणि ते बरंच आहे. माझ्या नवऱ्याला सगळे ओळखतात. 'चहाटळ'मधला तो लांबोडक्या चेहऱ्याचा विश्राम धुरी, जो भर स्किटमध्ये हसत सुटतो आणि मग प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहतो, तोच तो.

विश्राम मालवणकडचा. तिकडे दशावतारात नट संवाद पाठ करत नाहीत. गोष्ट ठरलेली असते, बोलणं उभ्याउभ्या सुचेल तसं होतं. लहानपणापासून रात्र रात्र तेच बघितलेलं, त्यामुळे पाठ केलेल्या गोष्टीचं त्याला वावडं. एकांकिका स्पर्धांच्या दिवसांत माझ्या लक्षात आलं, की पहिल्या वाचनाला हा हसून गडाबडा लोळतो आणि तिसऱ्या तालमीला याचा चेहरा कोरा होतो. मग मी एक युक्ती काढली. संहितेतली एक ओळ याच्या प्रतीत घालायचीच नाही. समोरच्या नटाला ती गुपचूप द्यायची, आणि याच्या कानावर ती पहिल्यांदा पडायची ती थेट प्रयोगात. पहिल्या वेळी सांगलीच्या नाट्यगृहात हा इतका हसला की एकांकिका थांबली, परीक्षकांनी गुण कापले आणि आमच्या दिग्दर्शकाने माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच वर्षी आम्ही लग्न केलं.

त्या ओळीला आमच्याकडे 'राखीव' म्हणतात. सेटवरचा स्पॉटदादासुद्धा चहाचा कप हातात देताना डोळा बारीक करून विचारतो, ताई, आज राखीव काय? ओळ पडली की विश्रामचे आधी खांदे हलतात. मग तो पाठ फिरवतो. मग समोरच्याच्या कपड्याला डोळे पुसतो. हे सगळं चालू असताना मी मॉनिटरवरून मान वर काढून त्याच्याकडे बघते. कोणाचा नवरा गजरा आणतो, कोणाची बायको डब्यात आवडीची भाजी देते. आमच्या घरात दर भागाला एक ओळ द्यायची पद्धत होती.

आणि मग ती पट्टी आली.

हल्लीच्या टीव्हीला खाली बोटभर रुंदीची काळी पट्टी असते, ती तुम्ही पाहिली असेल. ती अतिशय बारीक रेडिओलहरी खोलीत सोडते. त्या समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर आपटून परत येतात, आणि छाती केसभर जरी हलली तरी परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. अंगाला काही चिकटवायला नको की बोटात काही अडकवायला नको. ज्या घरांनी परवानगी दिली त्यांना वाहिनी फुकट मिळते, त्यामुळे परवानगी बऱ्याच घरांनी दिली. ही पट्टी छातीवरून हसू मोजते.

मोजते म्हणजे कसं, ते आम्हाला डॉक्टर मृणाल बोंद्रे हिने समजावलं. मेंदूवर संशोधन केलेली मुलगी, बुलढाण्याकडची, वाहिनीने मुद्दाम नेमलेली. ती म्हणाली, हसण्याच्या दोन वाटा आहेत. साहेबाच्या विनोदाला आपण हसतो ते हसू मेंदूच्या त्याच भागातून येतं, जिथून बोलणं येतं. ते आपल्या ताब्यात असतं, हसता हसता आपण घड्याळ बघू शकतो. खरं हसू येतं मेंदूच्या बुडाशी असलेल्या फार जुन्या भागातून. तिथून ते सुटलं की श्वासपटलाला एकामागून एक झटके बसतात, छातीतली हवा जवळजवळ संपते, माणसाला बोलता येत नाही. आवाज खोटा काढता येतो. छातीचे ते झटके मात्र कोणालाच नकली काढता येत नाहीत, नटालाही नाही. आणि समोरच्याचं हसू खरं की खोटं, हे आपल्या मनाच्या आधी आपल्या छातीला कळतं.

हे सगळं ती सांगत होती काशिमिऱ्याच्या आमच्या स्टुडिओत, वरच्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत. वाहिनीचा प्रमुख हर्षल देवस्थळी होता, मी होते, विश्राम होता, आणि ओंकार पडवळ होता. पडवळ हा विश्रामचा स्किटमधला जोडीदार. आडनाव पडवळ आणि अंगकाठी लाल भोपळ्याची. मृणालने भिंतीवर आलेख लावला. माझे सगळे पंच, जे लिहिताना मी नखं खाल्लेली, ते त्या आलेखात माळरानावरच्या वारुळांसारखे दिसत होते. मध्येच एक डोंगर. पुढे माळ, पुन्हा डोंगर. प्रत्येक डोंगर म्हणजे विश्राम हसला ती जागा.

हर्षलने विचारलं की मग लोकांना नक्की आवडतं काय.

"लोकांना विनोद नकोय, सर," मृणाल म्हणाली. "एका माणसाने दुसऱ्याला खरोखर हसवलेलं बघायचंय त्यांना. आपल्या बहुतेक घरांत टीव्हीसमोर एकच छाती असते."

माझे पंच वारुळं ठरले याचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आतून मी सुखावले होते. डोंगर माझेच होते की! राखीव ओळीचे होते. मी विश्रामकडे बघितलं. तो पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत बसला होता.

हर्षल म्हणाला, मग आकडे का पडतायत? मृणालने आलेख पुढे सरकवला. जुने भाग पुन्हा दाखवले तेव्हा डोंगर जागच्या जागी होते. नव्या भागांत ते बुटके होत गेले आणि मग माळरानात मिसळून गेले. तिने अगदी सरळपणे, आकाशात ढग आहेत असं सांगावं तसं सांगितलं, की गेली दोन वर्षं विश्रामसर हसतात तेव्हा कोणाचीच छाती हलत नाही. म्हणजे ते हसत नाहीयेत, तो अभिनय आहे. अभिनय फार उत्तम आहे, असंही ती म्हणाली. पोरीला खोटं बोलता येत नाही. पडवळ उगाचच खोकला. विश्राम उठला आणि कोणाला चहा हवाय का विचारत खोलीबाहेर गेला.

बोरिवलीला घरी येताना हायवेवर आम्ही दोघंच होतो. गाड्या आता स्वतःच चालतात, त्यामुळे नवरा-बायकोला समोर रस्त्याकडे बघत बसायची सोय राहिलेली नाही. मी त्याला विचारलं, कधीपासून?

"आठवत नाही गं. एकदा ओळ आली, चांगली होती. मला कळलं की चांगली आहे. पण आतून काही वर आलंच नाही."

"मग हसायचं कशाला?"

"तू मॉनिटरवरून मान वर काढतेस त्या वेळी," तो म्हणाला. "बघतेस माझ्याकडे. मग मी काय करायचं?"

त्याच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. टोलनाका आला, गेला. दोन वर्षं माझ्या ओळी त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या आणि तो पोच देत होता. मी मात्र त्या पोचेवर खूश होऊन पुढची ओळ लिहीत होते. लाज वाटली मला. रागही आला, आणि तो नेमका कोणावर काढायचा ते कळेना.

घरी आल्यावर आक्काला फोन केला. आक्का माझी थोरली बहीण, मिरजेला एकटी राहते. दाजी गेले त्याला बराच काळ झाला. मी तिला काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की 'चहाटळ' बघतेस का हल्ली. ती म्हणाली, लावलेलं असतंय की. मला कुठं तुझे विनोद कळत्यात, निम्मं तर स्वयंपाकघरातनं ऐकू येत न्हाई. आधी विश्राम हसायला लागला की मी हातातली भांडी टाकून बाहेर यायची. आता का कुणास ठाऊक, न्हाई येत. भांडीच घासत बसते. हे ती अगदी सहज बोलून गेली आणि मग तिच्या गुडघेदुखीच्या विषयावर आली.

नंतरचे दिवस वाईट गेले. विश्रामने खोटं हसणं बंद केलं, आता पट्टीसमोर त्याचा उपयोगच नव्हता. मी ओळींवर ओळी लिहिल्या. पडवळने त्या कधी नाकात बोलून, कधी आडवं पडून म्हटल्या. ओळ पडायची, फ्लोअरवरचे सगळे श्वास रोखून विश्रामकडे बघायचे, आणि तो अपराधी चेहऱ्याने उभा राहायचा. दुकान बंद असताना दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाकडे मालक बघतो तसा. घरी तो लवकर झोपायला लागला. हर्षलने दोनदा फोन करून सांगितलं की असंच चाललं तर हा शेवटचा हंगाम. मला हंगामाचं फारसं काही वाटलं नाही. आपला नवरा आपल्यामुळे पुन्हा कधी हसणार नाही, या विचाराने मात्र मी रात्री उठून लिहिलेल्या ओळी खोडत बसायचे.

टोपाची कल्पना मृणालची. तिने आम्हाला दोघांना बसवून नीट समजावलं. मेंदूच्या पुढच्या बाजूला, दोन अर्ध्या भागांच्या मधल्या घडीत, एक जागा आहे. फेफऱ्याच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना ती पूर्वीच सापडली होती. तिथे विजेचा हलका स्पर्श झाला की रुग्ण हसतो. नुसता हसत नाही, त्याला खरोखर मजा वाटते. आणि का हसलास विचारलं तर समोर जे दिसेल ते कारण म्हणून सांगतो. म्हणतो, डॉक्टर, तुम्ही उभेच किती गमतीशीर आहात. आता कवटी उघडायची गरज उरलेली नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बाहेरून सोडून त्या नेमक्या एका जागी गोळा करता येतात, उन्हात भिंग धरल्यासारख्या. फार खचलेल्या रुग्णांसाठी हे उपचार दवाखान्यांत सुरूही झाले आहेत. मृणालने तेच यंत्र रंगभूषेच्या केसांच्या टोपाच्या अस्तरात बसवलं होतं. एका भागात एकदाच वापरायचं, तेही थोडा वेळ, अशी तिची अट होती.

मला हे ऐकूनच शिसारी आली. मी म्हटलं, माणूस आहे तो, कळसूत्री बाहुली नाही. विश्राम मात्र लगेच हो म्हणाला. म्हणाला, मी नट आहे, मिशी लावतो तसा टोप लावीन. इतक्या पटकन हो म्हणाला की माझा जीव जळला.

ते यंत्र चालू करायचं बटण कोणी दाबायचं हा प्रश्न आला. राखीव ओळ नेमकी कुठे आहे हे दोघांनाच ठाऊक असायचं, पडवळला आणि मला. पडवळ कॅमेऱ्यापुढे. म्हणजे मीच.

पहिलं स्किट केस कापायच्या दुकानातलं होतं. विश्राम न्हावी, डोक्यावर मृणालचा कुरळा टोप. पडवळ टकलू गिऱ्हाईक. विश्राम म्हणतो, साहेब, कापायला केस कुठायत? आणि पडवळ म्हणतो, गेले नाहीत हो, बदलीवर गेलेत. मी बटण दाबलं.

आधी खांदे हलले. मग तो वाकला, पाठ फिरवली, पडवळच्या गळ्यातल्या फडक्याला डोळे पुसायला गेला आणि तिथेच त्याच्या पोटावर डोकं टेकून हसत राहिला. श्वास लागला होता त्याला. पडवळ हसला, कॅमेरावाला हसला, दिवे धरणारी पोरं हसली. मी मॉनिटरमागे बसून हसत होते आणि रडत होते. मला माहीत होतं की माझ्याच बोटाखाली बटण आहे, तरी हसत होते. तो भाग लागला त्या संध्याकाळी आक्काचा आपणहून फोन आला. म्हणाली, आज बाहेर आले गं मी.

खरी गंमत चित्रीकरणाच्या दिवशीच झाली होती. गाडीत बसल्यावर विश्राम माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, काय ओळ होती! बदलीवर गेलेत! मी म्हटलं, अरे, टोप होता तो. तर म्हणतो, टोप होताच, पण आज टोपाची गरज नव्हती, ओळच तशी होती. मी मृणालला विचारलं. ती म्हणाली की असंच होणार, हसू आधी येतं आणि मेंदू मागाहून कारण शोधतो. त्यांच्यासमोर कारण म्हणून तुमची ओळ असते. ते खोटं बोलत नाहीयेत, मॅडम, त्यांना खरंच तसं वाटतं.

आणि त्याला खरंच तसं वाटू लागलं. रविवारी सकाळी उठून तो बाजारात जाऊन ताजे बांगडे आणायचा, स्वतः सोलकढी करायचा. माझ्या मागे उभा राहून मी काय लिहितेय ते बघायचा आणि राखीव दिसेल म्हणून स्वतःच डोळे झाकायचा. तू परत फॉर्मात आलीस, असं पाहुण्यांसमोर सांगायचा. मी काय केलं? मी ते सगळं घेतलं. सोलकढी प्यायले, कौतुक ऐकलं, नवी साडी घेतली. कितीतरी दिवसांनी आमच्या घरात बरं चाललं होतं आणि मला त्यात खोट काढायची नव्हती. आपल्या ओळी खरोखरच सुधारल्यात की काय, असं मलाही वाटायला लागलं. लेखकाला एवढं पुरतं.

पण मन ऐकेना. एका आठवड्यात मी पडवळला राखीव म्हणून कागदावर लिहून दिलं, 'उद्या मंगळवार आहे.' पडवळने कागद उलटापालटा करून बघितला. पुढे काय, म्हणाला. मी म्हटलं, पुढे काही नाही, एवढंच म्हण. भर स्किटमध्ये त्याने बापड्याने ते म्हटलं, मी बटण दाबलं, आणि विश्राम जमिनीवर बसला. बसून मांडीवर हात आपटत हसला. मृणालने दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, की कार्यक्रम सुरू झाल्यापासूनचा हा सगळ्यात उंच डोंगर.

गाडीत विश्राम पुन्हा पुन्हा म्हणत होता, उद्या मंगळवार! काय डोकं आहे तुझं! घरी आल्यावर त्याने ते वॉचमनला सांगितलं. वॉचमनने विनम्रपणे मान हलवली, हो साहेब, उद्या मंगळवारच. त्यावर विश्राम लिफ्टमध्ये हसत राहिला. मी आरशात बघत उभी होते. आपण लिहिलेलं काय आणि किराणावाल्याची पावती काय, याच्या दृष्टीने आता सारखंच, हे मला त्या लिफ्टमध्ये कळलं. ते कळल्यावर मला फार थकवा आला. नुसतं कॉटवर पडून राहावंसं वाटलं.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. चांगले पंधरा दिवस खपून एक स्किट लिहिलं. नवरा मेलाय आणि भूत होऊन घरी आलाय. भूत विश्राम, आणि बायको म्हणजे साडीतला पडवळ. भूत घरभर फिरतं, आपला फोटो कुठे लावलाय ते बघतं, आणि शेवटी भीत भीत विचारतं, मी गेलो तेव्हा तू रडलीस का गं? त्यावर बायको म्हणते, रडणार होते हो, पण कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. ही राखीव. अशी ओळ मला बऱ्याच वर्षांनी सुचली होती. लिहिल्यावर मी एकटीच खोलीत हसले होते.

चित्रीकरणाच्या दिवशी पडवळने ती झकास म्हटली. मी हात मांडीवर ठेवला होता. बटणाला बोट लावलं नाही.

विश्राम क्षणभर थांबला. कुठेतरी काहीतरी शोधल्यासारखा. मग त्याचे खांदे हलले. त्याने पाठ फिरवली, पडवळच्या पदराला डोळे पुसले. सगळं जसंच्या तसं. फ्लोअरवर टाळ्या पडल्या. कोपऱ्यात मृणाल टोपातल्या यंत्राची नोंद दाखवणाऱ्या तिच्या पडद्याकडे बघत होती. मग तिने माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली.

संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात केला होता. जेवताना मी त्याला सांगितलं की आज मी बटण दाबलं नाही.

तो म्हणाला, मला वाटलं यंत्र बंद पडलं. म्हणून सांभाळून घेतलं.

मी विचारलं, ओळ ऐकलीस? त्याने ऐकलीच नव्हती. तो टोपाची वाट बघत होता. मग मी ती ओळ ताटावर बसून त्याला म्हणून दाखवली. हाताला पिठी लागलेली तशीच ठेवून त्याने मन लावून ऐकली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "फार चांगली आहे, संज्योत."

"हसू आलं?"

"नाही."

मी म्हटलं, ठीक आहे. उद्या हर्षलला सांगते, टोप बंद. कार्यक्रम बंद झाला तर झाला. आपण दोघं काहीही करून पोट भरू. मला वाटलं, हा सुटकेचा निःश्वास टाकेल. त्याने ताट बाजूला सरकवलं.

"नको," तो म्हणाला. "मी खोटं हसायचो ना, त्या दिवसांत घरी येऊन तुझ्याकडे बघायची लाज वाटायची मला. म्हणून लवकर झोपायचो. टोप डोक्यावर असला की तेवढा वेळ तू मला सांगलीच्या त्या प्रयोगातली दिसतेस. ते खोटं आहे हे कळतं मला, मी काय खुळा नाही. पण वाटतं ते खरं वाटतं. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस. लोकांसाठी नको, हर्षलसाठी नको. माझ्यासाठी म्हणून दाब."

माझा तोल गेला. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, मग मी कोण? दिव्याचं बटण? उद्या पडवळच्या जागी खुर्ची ठेव आणि माझ्या जागी मृणालला बसव, तुला काय फरक पडतो? तो दोघांची ताटं उचलून आत गेला आणि घासत उभा राहिला. पाठमोरा होता, आणि या वेळी खांदे हलत नव्हते.

पुढच्या चित्रीकरणाला मी गेले ती ठरवून गेले होते, की मृणालच्या हातात बटण द्यायचं आणि निघून यायचं. राखीव लिहिलीच नव्हती. पडवळला म्हटलं, तुला सुचेल ते बोल. मृणालला बटण द्यायला गेले तर ती म्हणाली, मॅडम, मला यातलं टायमिंग कळत नाही, निदान आज तुम्ही बसा. बसले.

स्किट चालू झालं. विश्राम चांगलं करत होता, नेहमीच करतो. राखीवची जागा आली. पडवळने घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "गॅस बंद केलात का?"

विश्राम स्तब्ध उभा राहिला. मग त्याने मान वर काढली आणि पडवळच्या खांद्यावरून, दिव्यांच्या पलीकडे, मॉनिटरमागे मी बसले होते तिकडे बघितलं. इतकी वर्षं मान वर काढून मी बघत आले होते, आवडली का, पोचली का. आज तो बघत होता. दिव्यांमुळे त्याला मी दिसत नव्हते, पण तो बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मागणं इतकं उघडं होतं की मला ते बघवेना. असंच मागणं माझ्या तोंडावर दिसत असणार त्याला, ती दोन वर्षं. आणि त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

मी बटण दाबलं.

त्याचे खांदे हलले. तो वाकला, पडवळच्या सदऱ्यात तोंड लपवून हसला, श्वास लागेपर्यंत हसला. गॅस, गॅस, एवढंच मध्ये मध्ये ऐकू येत होतं. मग बोलता येईना म्हणून त्याने नुसता हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं, हिने लिहिलंय म्हणून, बघा हिच्याकडे म्हणून. कॅमेरावाल्याने मान वळवली, दिवेवाल्यांनी वळवली, अख्खा फ्लोअर माझ्याकडे बघायला लागला. विश्रामही डोळे पुसत माझ्याकडेच बघत होता.

मग मी हसले. तोंडावर हात धरला, मान मागे टाकली आणि खांदे हलवले. मी नटी नाही, पण जमलं.